कारणाचा रकाना

पास्कल मास्तरांच्या वहीत माझं नाव अकरा वेळा आहे. अकराही वेळा मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, उशिरा पोचले होते आणि अकराही वेळा माझ्याकडे चांगलं सबळ कारण होतं. एकदा स्कूटी पंक्चर झाली, एकदा ऐन स्वयंपाकात गॅस संपला, एकदा सासूबाई तासभर चष्मा शोधत राहिल्या आणि तो त्यांच्या कपाळावर होता. मास्तरांच्या वहीत तीन रकाने असत. नाव, किती मिनिटं उशीर, आणि कारण. तिसरा रकाना माझ्या नावापुढे अकराही ठिकाणी कोरा आहे. माझ्याच नव्हे, उंब्रजच्या यच्चयावत कॅथलिकांच्या नावापुढे तो कोरा आहे.

"मास्तर, भरायचाच नाही तर आखता कशाला?" मी एकदा धीर करून विचारलं.

"आधीच्या फादरांनी आखाय सांगितला म्हणून आखला. भराय न्हाई सांगितलं. आन बाई, कारणं सैतान पुरवतो. त्येच्या मालाची नोंद आपुन कशापायी ठिवायची?"

आमचं चर्च हायवेच्या सेवा रस्त्यालगत आहे. पत्र्याचं छप्पर, समोर नऊ पायऱ्या, पायऱ्यांच्या वर छोटा पोर्च आणि पोर्चच्या कोपऱ्यात घंटा. तीस-पस्तीस घरांचा आमचा कळप. मिशनबरोबर नगरकडून आलेली मराठी घरं, मंगळूरहून येऊन हायवेवर हॉटेल काढलेले लोबो, केरळच्या दोन नर्सबाई, आणि आमच्यासारखे बदलीच्या नोकरीवाले. देवानं इतक्या दुरून इतक्या भाषांची माणसं एका छपराखाली आणली, आणि मास्तरांनी ती पुन्हा उजवी-डावी केली. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. नवराबायको चर्चच्या दारापर्यंत एकत्र येत आणि दारात त्यांची फारकत होई.

माझी पंचाईत वेगळी होती. मी पेटी वाजवायची. माईकची पिन उजव्या भिंतीत होती, त्यामुळे पेटीही उजवीकडे, म्हणजे पुरुषांत. मास्तरांनी आठवडाभर विचार केला आणि पुढच्या रविवारी माझ्या स्टुलाभोवती खडूनं चौकोन आखला. "एवडी जागा बायांची समजायची," त्यांनी सगळ्यांना बजावलं. पुढची सात वर्षं मी शत्रूच्या मुलखातल्या त्या चौकोनात बसून स्तोत्रं वाजवली. खडू पुसट झाला की मास्तर शनिवारी नवा ओढत.

मास्तर म्हणजे निवृत्त धर्मशिक्षक. फलटणपासून कवठे महांकाळपर्यंत मिशननं जिथं पाठवलं तिथं सायकलवर जाऊन त्यांनी दोन पिढ्यांना प्रार्थना पाठ करायला लावल्या होत्या. अंगात बारमाही काळा कोट, त्याचं मधलं बटण गायब, कमरेला चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा आणि मनगटावर रेडिओच्या वेळेशी रोज जुळवलेलं घड्याळ. आमचे फादर डेन्झिल वयानं तरुण. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे "मास्तर, आपण कृपया विसावा घ्यावा," असं बोलायचे. ते बिशपांना भीत नसतील इतके मास्तरांना भीत. पहिली घंटा मास्तरांची, दुसरी घंटा मास्तरांची, आणि शुभवर्तमानाचं वाचन संपलं की चर्चचं दार बंद करणंही मास्तरांचंच. त्यानंतर येणाऱ्यानं मिस्सा संपेपर्यंत पोर्चमध्ये उभं राहायचं. "शुभवर्तमान चुकलं की मिस्सा चुकली," हा त्यांचा नेम. पोर्चमध्ये सर्वांत जास्त उभे राहिलेले लोबो एकदा म्हणाले की मला तिथं एक बाक तरी टाकून द्या. मास्तरांनी ती सूचनाही वहीत लिहून घेतली आणि बाक टाकला नाही.

एका वर्षी बिशप आमच्याकडे यायचे होते. गाळपाचा हंगाम. उसाच्या ट्रॉल्यांमागे त्यांची गाडी अडकली. आम्ही हार घेऊन उभे, फुलं माना टाकायला लागलेली. अखेर गाडी आली, बिशप हसतमुखानं उतरले, आणि मास्तर पुढे झाले. त्यांनी वाकून अंगठीला ओठ लावले, मागे सरकले, खिशातून वही काढली आणि सगळ्यांदेखत लिहिलं: बिशपसाहेब, चाळीस मिनिटं. बिशप म्हणाले, "अहो, पुढे ट्रॅक्टर होते." मास्तरांनी मान डोलावली आणि तिसरा रकाना कोरा ठेवून वही मिटली.

पहिल्या कम्युनियनपासून, म्हणजे लहानपणी वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेतली तेव्हापासून, मास्तरांचा एकही रविवार चुकलेला नव्हता. हा त्यांचा अभिमान होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो खतपाणी घालून वाढवला होता. टायफॉइडात बैलगाडीत आडवं पडून गेले, स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीला झोपेत ठेवून गेले, असं ते सांगत आणि आम्ही माना डोलवत असू. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मास्तर स्वतः सांगत नसत. ती आम्हीच सांगायचो.

एका रविवारी मास्तर पहिली घंटा देऊन वेदीवरच्या मेणबत्त्या लावत होते. तेवढ्यात शेजारचा संपत माने धावत आला. मार्थाकाकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मोरीत घसरून पडल्या होत्या. उठता येत नव्हतं. मास्तर म्हणाले, "तिला म्हनावं, मिस्सा झाली की आलोच." आणि त्यांनी उरलेल्या मेणबत्त्या लावल्या. दुसरी घंटा दिली. शुभवर्तमानानंतर दार लावलं. तासाभरानं घरी गेले. काकूंचा खुबा मोडला होता. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं होतं, पण दवाखान्यात न्यायला घरचं माणूस यायची वाट बघत होते. शस्त्रक्रिया झाली, पण हाड नीट बसलं नाही, आणि काकू कायमच्या खाटेला खिळल्या.

ही गोष्ट आमच्याकडे भक्तीचा दाखला म्हणून सांगितली जाई. एका पाहुण्या फादरांनी ती प्रवचनातही घेतली. त्या दिवशी मी पेटीवर होते आणि शेवटचं स्तोत्र मी नेहमीपेक्षा जोरात वाजवलं होतं, हेही मला इथं लिहायलाच हवं. आमच्यापैकी एकालाही त्या प्रवचनातून उठून जावंसं वाटलं नाही. आता आठवलं की मला माझीच शरम वाटते.

त्यानंतर काकूंनी चर्च पाहिलं नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर त्यांना घरी कम्युनियन देत. एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "मला कवा न्हेता देवळात?" मास्तर म्हणाले, "नऊ पायऱ्या हायत. आन आजाऱ्यास्नी सूट हाय." हे त्यांनी मला मोठ्या समाधानानं सांगितलं होतं. धर्मानं आपल्या बायकोला इतकी मोठी सवलत दिली याचं त्यांना कौतुक होतं.

मग लॉकडाऊन आला आणि सगळ्यांनाच सूट मिळाली.

पहिल्या बंद रविवारी मास्तर कोट घालून, किल्ल्या घेऊन निघाले. हायवेच्या तोंडाशी हवालदारानं काठी आडवी धरली. "आजोबा, कुठं?"

"मिस्सेला."

"देवळं बंद, मशिदी बंद, आन तुमचंच उघडं हाय व्हय?"

"बंदच हाय. बंद दारापुढं उभं ऱ्हातो. हजेरी तेवडी लागू द्या."

हवालदारानं ती लावू दिली नाही. मास्तर परत आले आणि त्यांनी थेट फादरांना फोन केला. या रविवारची हजेरी धरायची की नाही? फादर म्हणाले की बिशपांनी सर्वांनाच रविवारच्या बंधनातून मुक्त केलं आहे. "मुक्त ऱ्हाऊ द्या. माजा रविवार मोडला का न्हाई, येवडं सांगा." फादर अर्धा तास त्यांची समजूत घालत होते. शेवटी ठरलं की तो रविवार मोडला असं धरायचं नाही, आणि पुढच्या रविवारपासून फादर रिकाम्या चर्चमध्ये मिस्सा करतील, मी मोबाईल तिकाटण्यावर लावून ती घराघरांत पोचवीन, आणि मोबाईलपुढे नीट बसणाऱ्याची हजेरी धरली जाईल. नीट म्हणजे काय, ते ठरवायचं काम मास्तरांनी न मागता अंगावर घेतलं.

पुढच्या चार दिवसांत व्हॉट्सअॅपवर त्यांचे सतरा नियम आले. आवाजातच, कारण टंकलेखन त्यांना जमत नसे. मोबाईल जमिनीवर ठेवू नये. मोबाईलपुढे चहा पिऊ नये. लुंगीवर बसू नये, लोबोंनी विशेष ध्यानात घ्यावं. घरातसुद्धा पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. मिस्सा सुरू होण्याआधी प्रत्येक घरानं बसल्या जागेचा फोटो पाठवावा. आम्ही पाठवू लागलो. खोटं कशाला सांगू, आमच्या घरी फोटोपुरती इस्त्रीची साडी असे आणि फोटो गेला की गाऊन. लोबोंनी तर पहिल्या रविवारचा फोटो जपून ठेवला आणि तोच दर रविवारी पाठवला. पाचव्या आठवड्यात मास्तरांच्या लक्षात आलं की लोबोंच्या भिंतीवरचं घड्याळ महिनाभर आठ वाजून दहा मिनिटांवरच आहे.

चुका आमच्याकडूनही झाल्या. एकदा फादरांनी भाकर वर उचलली आणि नेमकी पडद्यावर बनियनची जाहिरात आली. मास्तरांचा फोन मिस्सा संपताक्षणी आला. "बाई, मी गुडघ्यावर हुतो. कुणापुढं हुतो, येवडं सांगा."

निर्बंध जरा सैल झाल्यावर त्यांचा मोबाईल बिघडला म्हणून मी एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. माझ्या जागी मोबाईल लोबोंच्या मुलीनं सांभाळला होता. साखरेच्या डब्याला टेकवून मास्तरांचा मोबाईल उभा केलेला. त्याच्या डाव्या अंगाला मार्थाकाकूंची खाट, उजव्या अंगाला मास्तरांची खुर्ची, आणि मध्ये ऐसपैस मोकळी वाट. त्या वाटेनं कोण येणार होतं देव जाणे. काकू उशीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मला त्या खाटेवरची एक आजारी बाई म्हणून माहीत होत्या. त्यांचं तोंड इतकं चालतं याची मला कल्पना नव्हती.

"बस गं. चाळीस वर्सं देवळात मी ह्यांची मान तेवडी बघितली. तीबी मागनं. आता तोंड दिसतंय. प्रवचनात डुलक्या घेत्यात बघ."

"मी चिंतन करत असतो," मास्तर म्हणाले.

"व्हय, घोरून."

फादरांनी पडद्यावरून सांगितलं, एकमेकांना शांतीचा नमस्कार करा. मास्तर उठले, मोकळी वाट ओलांडून खाटेशी आले आणि एखाद्या अधिकाऱ्याला करावा तसा बायकोला नमस्कार केला. काकूंनीही हात जोडले. दोघांच्या चेहऱ्यावर इतका संकोच होता की मी मोबाईलची वायर तपासायला लागले. निघताना काकूंनी माझा हात धरला. "पोरी, ह्ये सुरू ऱ्हाणार न्हवं? सगळं उगाडलं तरी?"

मी म्हटलं, राहील की. मला तसं मनापासून वाटत होतं.

लसी झाल्या, लाटा ओसरल्या, चर्चं उघडली, पण आमच्या चर्चमध्ये माणसं येईनात. लोकांना गाऊनमधली मिस्सा मानवली होती. फादरांनी बैठक घेतली. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मोबाईल बंद करा. घरात देव मिळतोय तवर कोन नऊ पायऱ्या चढंल? मोबाईल बंद, म्हंजी देऊळ भरंल."

टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "मास्तर, आणि काकूंचं काय?"

"आजाऱ्यास्नी सूट हाय," ते म्हणाले. सवयीनं म्हणाले. मग क्षणभर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं. ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतात मीही होते, कारण हात वर न करणाऱ्यांची नावं ते वहीत घेत.

काकूंना ती बातमी मीच सांगितली. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "सूट म्या मागितली नव्हती."

पुढे जे झालं ते काकूंनीच मला नंतर सांगितलं. मोबाईल बंद झाल्यानंतरचा पहिला रविवार. मास्तर कोट चढवून, किल्ल्या घेऊन पहिल्या घंटेसाठी निघाले. उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "तासाभरात येतो." काकू म्हणाल्या, "जावा. त्या दिवशीबी मी तासभर पडूनच हुते. आता सवय हाय." सहा वर्षांत त्यांनी त्या दिवसाचा विषय पहिल्यांदा काढला होता. तोही रागानं नाही, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसा. मास्तर फाटकापर्यंत गेले. तिथे उभे राहिले. आणि परत फिरून मान्यांच्या दारात गेले.

इकडे फादरांनी आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं चर्च उघडलं, पण पहिली घंटा झाली नाही. दुसरीही झाली नाही. देऊळ मात्र खरंच भरलं होतं, आणि सगळे एकमेकांना दबक्या आवाजात विचारत होते की मास्तर गेले की काय. वाट पाहून फादरांनी मिस्सा सुरू केली. शुभवर्तमान संपलं. लोबो उठले, ज्यांचं नाव त्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा होतं ते लोबो, आणि मोठ्या उत्साहानं जाऊन त्यांनी दार लावलं. जागेवर येऊन बसतात न बसतात तोच दारावर थाप पडली.

माझ्या चौकोनालगतच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची, तिच्यात जरीकाठाची हिरवी साडी नेसलेल्या मार्थाकाकू, एका बाजूनं सुट्टीवर आलेला फौजी संपत आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा भाऊ. तीच साडी हवी म्हणून काकूंनी अडून बसून ट्रंक उपसायला लावली होती, आणि ती नेसवायला संपतच्या आईला बोलवावं लागलं होतं. मागे मास्तर, घामानं निथळत. एक खुर्ची आणि दोन माणसं. एवढंच लागत होतं, आणि सहा वर्षं आमच्यापैकी एकाही पुण्यवान माणसाला ते सुचलं नव्हतं.

लोबोंनी दार उघडलं. "या की मास्तर."

"शुभवर्तमान झालं?"

"झालं."

"मग उगाडलं कशाला? लावा दार. आमी हितंच थांबतो."

संपत म्हणाला, "मास्तर, काकूंचं वजन आमी धरलंय, तुमी न्हाई. काय ते लवकर ठरवा."

काकूंनी पदर सारखा केला. "आवं, नेम तुमी केलाय. म्या न्हाई. संपत, घे मला आत."

आणि त्या आत आल्या. डावीकडच्या बाकांत खुर्ची बसेना, म्हणून संपतनं ती मधल्या वाटेवरच ठेवली. फादर प्रवचन थांबवून पाहत होते. मास्तर आले नाहीत. ते पोर्चमध्ये, लोबोंच्या नेहमीच्या जागेवर उभे राहिले. लोबोंनी दार मात्र पुन्हा लावलं नाही. पहिल्या कम्युनियनपासून न मोडलेला रविवार मास्तरांच्या स्वतःच्या हिशेबानं त्या सकाळी मोडला होता, आणि ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

शांतीच्या नमस्काराची वेळ आली. आम्ही उभ्या उभ्या दोन्ही बाजूंना हात जोडले. काकू म्हणाल्या, "संपत, खुर्ची फिरीव."

"काकू, देवाकडं पाठ हुईल."

"त्येला चालतंय. फिरीव."

संपतनं खुर्ची दाराकडे वळवली. काकूंनी हात जोडले. बाहेर उन्हात मास्तर गुडघ्यांवर होते. त्यांनीही हात जोडले, पण खाली घ्यायचं त्यांना सुचेना.

"आत या," काकू म्हणाल्या. "तितं ऊन लागतंय."

मास्तर उठले आणि आत आले. उजवीकडे पुढच्या बाकावरची त्यांची जागा रिकामी होती, कुणाची तिथं बसायची छाती नव्हती. ते तिकडे निघाले, खुर्चीपाशी थांबले, आणि तिथंच उभे राहिले. मधल्या वाटेत, ना उजवीकडे ना डावीकडे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. कम्युनियन द्यायला फादरांना त्यांना वळसा घालून जावं लागलं. मला रडू आलं. मास्कमुळे ते कुणाला दिसलं नाही, पेटी मात्र दोनदा चुकली.

फादरांनी नंतर मोबाईल पुन्हा सुरू करायची तयारी दाखवली. काकूच म्हणाल्या, "आता नगं." त्यानंतर दर रविवारी खुर्ची येत राहिली, आणि दर रविवारी उशिरा येत राहिली, कारण काकूंना साडी पसंत पडायला वेळ लागे. घंटा लोबो देऊ लागले. दार लावणं आपोआप बंद पडलं.

वर्षभरानं माझी सांगलीला बदली झाली. शेवटच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मास्तर पायरीवर बसून वहीत काही लिहीत होते. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मास्तर, जायच्या आधी माझी अकरा नावं एकदा बघू द्या." त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि खुर्ची खाली नेणाऱ्यांना "सावकाश रं, पायरी बघा" असं ओरडत खाली गेले.

माझी अकरा नावं जागच्या जागी होती, तिसरा रकाना कोरा. मी पानं उलटत पुढे गेले. शेवटच्या पानांवर एकाखाली एक, दर रविवारी, एकच नाव होतं. पास्कल, पस्तीस मिनिटं. पास्कल, वीस मिनिटं. पास्कल, चाळीस मिनिटं. आणि पुढे तिसऱ्या रकान्यात, शाळेत गिरवून घ्यायचे तशा ठसठशीत अक्षरात, प्रत्येक ओळीवर एकच शब्द होता: मार्था.